एका विधवेचा खटला आणि आमच्या घरची वही

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हा चिटणीसबाईंनी माझ्याकडून उपवासाच्या पदार्थांची कृती मागितली होती. मी म्हटले, पाककृती पुष्कळजणी देतील. मला ह्या खेपेस इतिहासातील एक हकीकत सांगू द्या. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. तेव्हा मांडणीत काही उणे राहिले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे. ही हकीकत लिहिण्यास मला घरचे एक कारण आहे, आणि ते आपल्यापैकी निम्म्याजणींना ठाऊकही आहे. ते ओघाने येईलच.

माझी धाकटी मुलगी कायद्याचे शिक्षण घेते. मागच्या दिवाळीच्या सुटीत ती पुस्तक घेऊन ओट्यापाशी बसली होती आणि मी चकलीची भाजणी मळत होते. ती म्हणाली, “आई, तुला एका बाईचा खटला सांगते. नवरा वारला, हाती पैसा नाही, आणि नवऱ्याने लिहिलेली गोष्ट परक्या मुलखातल्या लोकांनी न विचारता उचलली. बाई कोर्टात गेली आणि जिंकली. कोर्टाने सांगितले, चोरीचा सगळा माल जाळून टाका.”

मी म्हटले, “बरे झाले. असेच पाहिजे.”

ती म्हणाली, “पुढचे ऐक तरी.”

ते पुढचे ऐकून माझा पिठातला हात थांबला. मग मी तिच्याकडून सगळे पुन्हा वाचून घेतले. कोठे कायदा समजला नाही तेथे दोनदा विचारले. तीच हकीकत येथे देते.

ब्रॅम स्टोकर ह्या गृहस्थांचा जन्म १८४७ सालचा, आयर्लंडातील डब्लिन शहराचा. लंडनला लायसियम नावाचे नामांकित नाट्यगृह होते. तेथील मुख्य नट हेन्री अर्व्हिंग ह्यांच्याकडे स्टोकरांनी सुमारे सत्तावीस वर्षे व्यवस्थापकाचे काम केले. नाटकमंडळीचा व्यवस्थापक म्हणजे काय, हे आपल्या सांगलीकरांना सांगावयास नको. पैशांचा हिशेब त्याने ठेवावयाचा, नटांचे रुसवे त्याने काढावयाचे, दौऱ्याची व्यवस्था त्यानेच पाहावयाची. इतके करून उरलेल्या वेळात ते कथा-कादंबऱ्या लिहीत. १८९७ साली त्यांची ‘ड्रॅक्युला’ ही भयकथा प्रसिद्ध झाली. दिवसा पेटीत निजणारा आणि रात्री उठून माणसांचे रक्त पिणारा एक सरदार, अशी ती गोष्ट. आज ड्रॅक्युलाचे नाव शाळेतली पोरेही जाणतात, पण स्टोकरांच्या हयातीत त्या पुस्तकाने त्यांना काही श्रीमंत केले नाही. १९१२ साली ते वारले.

मागे राहिली त्यांची पत्नी फ्लॉरेन्स. तरुणपणी ती फार देखणी म्हणून लंडनात प्रसिद्ध होती, पण देखणेपणावर म्हातारपण निभत नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९१३ साली, तिने त्यांची पुस्तके व कागदपत्रे लिलावात काढली. ‘ड्रॅक्युला’ लिहिताना त्यांनी जी टिपणे काढली होती, तीही त्यात होती. ती दोन पौंडांच्या आसपास किमतीला गेली. तीच टिपणे आज अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी रोझेनबाख संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. १९१४ साली तिने नवऱ्याच्या उरलेल्या गोष्टींचा एक संग्रह काढला. थोडक्यात, नवऱ्याचे लिखाण हीच तिची शेतजमीन होती. त्यातून जे काय पिकेल त्यावर दिवस काढावयाचे.

येथे थोडे कायद्याचे सांगते. ज्याला आपण सर्रास कॉपीराइट म्हणतो, तो स्वामित्वहक्क फार जुना नाही. इंग्लंडात त्याचा पहिला कायदा १७१० सालचा. त्यात नव्या पुस्तकाच्या कर्त्यास १४ वर्षांचा हक्क मिळाला होता, आणि तेवढ्या अवधीनंतर कर्ता हयात असेल तर आणखी १४ वर्षांचा. पुढे तो अवधी वाढत गेला आणि १९११ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे असा झाला. म्हणजे स्टोकरांच्या पुस्तकाचा हक्क त्यांच्या पत्नीकडे व वारसांकडे १९६२ पर्यंत राहावयाचा होता. १८८६ साली स्वित्झर्लंडात बर्न ह्या गावी काही देशांनी आपसांत करार केला, की एका देशातल्या लेखकाचा हक्क दुसऱ्या देशानेही मानावा. इंग्लंड व जर्मनी हे दोन्ही देश त्या करारात आरंभापासून होते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढचा खटला त्यावरच उभा राहिला.

१९२१ साली बर्लिनमध्ये प्राना नावाची नवी चित्रपट कंपनी निघाली. तिने स्टोकरांची गोष्ट घेऊन ‘नोस्फेराटू’ नावाचा मूकपट काढला. दिग्दर्शक होते एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ, पुढे जगात मोठे नाव झालेला माणूस. ड्रॅक्युलाचे नाव बदलून ऑर्लॉक केले, लंडनऐवजी एक जर्मन गाव घेतले, नायक-नायिकेची नावेही बदलली. पण लेखकाच्या घरच्यांना विचारले नाही की एक पैसाही दिला नाही. गंमत अशी, की स्टोकरांच्या ‘ड्रॅक्युला’वरून हा चित्रपट घेतला आहे, असे कंपनीने स्वतःच जाहीर केले होते! ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिबागेतील दिवाणखान्यात पहिला खेळ मोठ्या थाटात झाला.

ते जाहिरातपत्रक कोणीतरी बर्लिनहून फ्लॉरेन्सबाईंना धाडले. पत्रक पाहून त्या माउलीला काय वाटले असेल, ते आपण बायका समजू शकतो. तिने रडत बसण्याऐवजी इंग्लंडातील लेखकांच्या संस्थेचे सभासदत्व घेतले आणि तिच्यामार्फत बर्लिनमध्ये दावा लावला. पण तोवर प्राना कंपनीचे दिवाळे निघाले होते. पहिलाच चित्रपट काढून कंपनी बुडाली. बुडालेल्या कुळाकडून वसुली कशी व्हावयाची? खटला तीन वर्षे रखडला. पैसे मिळत नाहीत असे दिसले, तेव्हा बाईंनी मागणी केली की मग तो चित्रपटच नष्ट करा. १९२५ सालच्या जुलै महिन्यात निकाल लागला. चित्रपटाची मूळ फीत आणि असतील तितक्या प्रती नष्ट कराव्यात, असा न्यायालयाचा हुकूम झाला.

कायद्याच्या दृष्टीने बाई संपूर्ण बरोबर होती. माझे आजही तेच मत आहे. ज्याने लिहिले त्याचे नाव, आणि त्यातून काही मिळणार असेल तर ते त्याच्या लेकराबाळांचे. ह्यात दुमत असू नये. शिवाय बाई काही हटवादी नव्हती. १९२४ साली हॅमिल्टन डीन ह्या नटाने रीतसर परवानगी मागितली, तेव्हा तिने ‘ड्रॅक्युला’चे नाटक करू दिले. पुढे १९३० साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने हक्क विकत घेतले आणि १९३१ साली बोलपट काढला. विचारून, मोल देऊन नेणाऱ्याला तिचे दार उघडे होते.

पण त्या जाळावयाच्या चित्रपटाचे काय झाले? हुकूम बर्लिनचा. चित्रपटाच्या प्रती तोवर दुसऱ्या मुलखांत पोचल्या होत्या. निकालानंतर थोड्याच दिवसांत लंडनमधील एका फिल्म सोसायटीकडे प्रत असल्याचे निघाले, आणि बाईंनी पुन्हा पत्रव्यवहार सुरू केला. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये तो दाखवला गेला. फ्रान्समध्ये एक प्रत राहिली. १९३७ साली फ्लॉरेन्सबाई वारल्या, तोवर त्यांचा पाठलाग सुटला नव्हता. मूळ फीत आज जगात कोठेही नाही. पण १९८० नंतर म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयाचे एनो पाटालास व त्यांच्यामागून इतर जाणकार ह्यांनी ठिकठिकाणच्या प्रती जमवल्या. एकीतला फाटका तुकडा दुसरीतून घेतला आणि गोधडीसारखा चित्रपट पुन्हा जोडला. आता तो जगातील उत्तम मूकपटांत गणला जातो. रक्तपिपासू सरदार सकाळच्या उन्हाने नाहीसा होतो, ही कल्पना स्टोकरांच्या पुस्तकात नाही, ती ह्या चित्रपटाने घातली. पुढे तीच जगभर पसरली. उचलणाऱ्यांनी आपल्या पदरचेही काही घातले होते, हे कबूल केले पाहिजे.

मुलीने मला तो चित्रपट तिच्या संगणकावर दाखवला. चकल्या तळून झाल्यावर आम्ही दोघी ओट्यापाशीच बसून पाहिला. त्या ऑर्लॉकची लांब बोटे आणि भिंतीवर चढत जाणारी त्याची सावली पाहून मला भय वाटले. पण त्याहून दुसरेच काही मनात येत होते. जे न्यायालयाने जाळावयास सांगितले, जे एका दुखावलेल्या बाईने नाहीसे व्हावे म्हणून जन्म वेचला, ते मी शंभर वर्षांनी सांगलीत बसून पाहत होते. आणि ते पाहावयास मिळाले ते ज्यांनी हुकूम मोडला त्यांच्यामुळे.

आता घरचे कारण सांगते.

आमच्या सासूबाई, ज्यांना गल्लीत सगळ्या आक्का म्हणत, त्यांना आपल्या मंडळातल्या जुन्या सभासद ओळखतात. मंगळागौरीला त्यांच्यावाचून खेळ रंगत नसे. त्या चौथी शिकलेल्या, पण अक्षर मोत्यासारखे. लाल पुठ्ठ्याच्या एका जाड वहीत त्यांनी शाईच्या पेनाने ओव्या, पाळणे, डोहाळे, झिम्मा-फुगडीची गाणी असे सगळे लिहून ठेवले होते. काही त्यांच्या आईची, काही आजोळच्या बायकांची, आणि पुष्कळशी स्वतः रचलेली. आपली जी होती तिथे समासात त्या एक बारीक फूल काढीत. नाव कधी लिहिले नाही.

२००८ साली परगावचे एक गृहस्थ आले. लोकगीते गोळा करतो म्हणाले. आक्कांनी आठ दिवसांच्या बोलीवर वही दिली. वही परत आली, आणि वर्षभराने एक पुस्तिका छापून निघाली. तीत आक्कांच्या वहीतली ३१ गाणी होती आणि वर त्या गृहस्थांचे नाव. आक्कांचे नाव कोठेच नाही. त्या ३१ पैकी १२ गाणी फुलाची होती. मी फार चिडले. आक्का पुस्तिका हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “माझं नाव नसतं घातलं तरी चाललं असतं गं. पण दुसऱ्याचं तरी कशाला घातलं?” ह्यापलीकडे त्या कधी काही बोलल्या नाहीत. २०१२ साली त्या गेल्या.

त्यांच्यामागे ती वही मी माजघरातल्या लोखंडी ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावले. किल्ली माझ्या कमरेला. मंडळाच्या भगिनींनी मंगळागौरीसाठी वही मागितली, मी दिली नाही. २०१६ साली कॉलेजातली एक मुलगी अभ्यासासाठी आली. म्हणाली, “काकू, वही घरी नेत नाही. तुमच्यासमोर बसून उतरून घेते, आजींचे नाव घालते, तुम्ही म्हणाल तिथे सही करते.” मी तिलाही चहा देऊन वाटेला लावले. मला वाटे, मी आक्कांची राखण करते आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईने काय केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. पाणी ओसरून परत आलो तेव्हा ट्रंक जागेवर होती आणि कुलूपही शाबूत होते. आत वहीचा लगदा झाला होता. पाने सोडवून उन्हात घातली, पण शाई धुऊन गेली होती. काही पानांच्या समासात निळा डाग दिसतो. ते फूल असावे, असे मी समजते.

आज आक्कांची जी गाणी कागदावर उरली आहेत ती ३१, आणि ती त्या गृहस्थांच्या पुस्तिकेत. पुरानंतर मी मान खाली घालून त्यांना पत्र लिहिले, की आपण सबंध वही उतरून घेतली होती काय. त्यांनी उत्तरी लिहिले, की हवी तेवढीच घेतली होती. पत्रासोबत पुस्तिकेच्या दोन प्रती धाडल्या. माफीचा शब्द नव्हता. तरी त्या प्रती मी देवघराखालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत.

मुलीने कायदा पाहून मला सांगितले. आपल्याकडे १९१४ साली इंग्रजी कायद्यावरून बेतलेला कायदा आला. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ सालचा, २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यात कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क होता. १९९२ साली तो ६० वर्षांचा केला. तोवर रवींद्रनाथ टागोरांना जाऊन ५० वर्षे झाली होती आणि त्यांच्या लेखनाचा हक्क विश्वभारतीच्या हातून जाण्याची वेळ आली होती, म्हणून तेव्हा हा अवधी वाढला. पुस्तक लिहिले की हक्क आपोआप येतो, कोठे नोंद करावीच असे नाही. आणि १९५७ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे, हे माझे आहे असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार हक्क विकला तरी राहतो. जुनी, कोणाची म्हणून सांगता येत नाहीत अशी गाणी साऱ्यांची. पण फुलाची गाणी आक्कांची होती. त्यांवरचा हक्क निदान २०७२ च्या अखेरपर्यंत आमच्या घराचा आहे. हक्क २०७२ पर्यंत आहे, आणि गाणी २०१९ मध्येच गेली. आता त्या हक्काचे मी काय करू?

कोणी म्हणेल, ह्यात कायद्याचा दोष आहे. मला तसे वाटत नाही. त्याला दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके ह्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. ३ मे रोजी मुंबईस गिरगावातील कॉरोनेशनमध्ये तो लागला. त्यासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला, आणि रात्री जागून फिल्मला भोके पाडण्याचे व ती धुण्याचे कामही शिकून केले. तारामतीचे काम करावयास तेव्हा स्त्री मिळाली नाही, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाने ते केले. त्याच वर्षी पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई ह्या पडद्यावर आल्या.

ह्या चित्रपटांवर कोणी खटला भरला नव्हता. कोणा न्यायाधीशाने जाळा म्हटले नव्हते. तरी ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिले व शेवटचे अशी दोनच उरली आहेत, आणि तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. ‘मोहिनी भस्मासुर’ गेला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याची एक प्रत आज देशात नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतले फारच थोडे राहिले. जुनी फीत चटकन पेट घेणारी असे. शिवाय तिच्यात थोडी चांदी असे. खेळ चालेनासा झाला की मालक रिळे मोडीत काढीत. चांदी काढून घेत, आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या नि बायकांच्या पर्सा होत, असे ह्या क्षेत्रातली जाणती माणसे सांगतात. म्हणजे एखाद्या आजीने मोठ्या हौसेने पाहिलेली तारामती पुढे तिच्या नातीच्या हातात बांगडी होऊन गेली असेल!

जे राहिले ते माणसांच्या चिकाटीने राहिले. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर ह्या गृहस्थांनी १९९१ पर्यंत गावोगाव हिंडून, मालकांची मनधरणी करून, सापडेल ते रीळ जमा केले. त्यांच्यामुळे फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो. त्यात फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. आणि इतकी राखण करूनही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील साठ्याला आग लागून जुन्या ज्वालाग्राही फितींचा मोठा ठेवा जळाला. ज्यांची प्रत दुसरीकडे होती ते वाचले.

म्हणून मी म्हणते, हक्क आणि जतन ही दोन निराळी कामे आहेत. पहिले कायदा करतो. दुसरे आपले आपल्याला करावे लागते. अलीकडे कायद्यानेही हे ओळखले आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनाच्या भिंतीवर अमरनाथ सेहगल ह्या शिल्पकाराने वर्षानुवर्षे खपून ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प केले होते. १९७९ साली दुरुस्तीच्या वेळी ते काढून कोठारात टाकले गेले, मोडतोड झाली. शिल्पाचे पैसे सरकारने दिलेले, वस्तू सरकारच्या मालकीची. पण २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की विकत घेतले म्हणून निर्मात्याच्या कामाची अशी नासधूस करता येणार नाही. शिल्पाचे अवशेष सेहगलांना परत द्यावेत आणि वर ५ लाख रुपये भरपाई द्यावी. १९२५ चे बर्लिनचे न्यायालय म्हणाले होते, कर्त्याचा हक्क राखण्यासाठी कृती नष्ट करा. ऐंशी वर्षांनी आपले न्यायालय म्हणाले, कर्त्याचा हक्क आहे म्हणूनच कृती सांभाळा. आणि २०१२ च्या दुरुस्तीने, नफा न मिळवणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्याजवळच्या पुस्तकाची संगणकी प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा मिळाली. ते साल आक्का गेल्या तेच. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी कुलूप काढले असते की नाही, देव जाणे.

आता मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपल्या प्रत्येकीच्या घरी काही ना काही आहे. कोणाकडे आजीच्या ओव्या, कोणाकडे उखाण्यांची वही, कोणाकडे आईने लिहिलेल्या लोणच्या-पापडांच्या कृती, कोणाकडे वडिलांच्या हातचे भजनाचे बाड. येत्या श्रावणापासून दर शुक्रवारी दुपारी मंडळात बसून आपण ह्या वह्या उतरून काढाव्यात. पहिल्या पानावर जिची वही तिचे पूर्ण नाव व गाव ठळक लिहावे. कोणते गाणे तिचे स्वतःचे आणि कोणते ऐकीव, हेही विचारून लिहावे, कारण विचारावयास माणूस आहे तोवरच ते कळते. प्रत्येक वहीच्या तीन प्रती असाव्यात. एक तिच्या घरी, एक मंडळात आणि एक दुसऱ्या गावच्या सभासदाच्या किंवा लेकीच्या घरी, जेथे कृष्णेचे पाणी येत नाही. आणि बाहेरचे कोणी मागावयास आले तर दार लावू नये. नाव घालण्याचे लेखी घ्यावे, आणि द्यावे.

आपण दह्याचे विरजण जसे वागवतो तसे हे आहे. शेजारणीने मागितले म्हणून आपले विरजण संपत नाही. उलट एखाद्या दिवशी आपले नासले, तर तिच्याच घरची वाटी आपल्या उपयोगी पडते. हे मला रोज सकाळी कळत होते आणि वहीच्या बाबतीत कळले नाही.

त्या कॉलेजातल्या मुलीचा पत्ता मी शोधला. ती आता शिक्षिका आहे. मी तिला म्हटले, “वही तर गेली. पण आक्कांची गाणी म्हणणाऱ्या चारपाच बायका अजून आहेत, मलाही थोडी येतात. येतेस का?” ती दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येते. आजवर फुलाची म्हणून खात्रीने सांगता येतील अशी नऊ गाणी आम्हांला आठवली आहेत. पुस्तिकेतली बारा आणि ही नऊ मिळून एकवीस झाली. ज्यांना आणखी एखादे आठवत असेल, अर्धे असले तरी, त्यांनी माझ्याकडे यावे. चहा ठेवीन.

— एक सभासद